बाबा, ऐकू येतंय का?

आमच्या घरात एक वाक्य दिवसातून निदान वीस वेळा बोललं जातं. "बाबा, ऐकू येतंय का?" पहिल्यांदा साध्या आवाजात, मग जरा मोठ्याने, आणि तिसऱ्यांदा अशा आवाजात की शेजारच्या काकू गॅलरीतून विचारतात, "काय गं, सगळं ठीक आहे ना?" सगळं ठीकच असतं. बाबांनी बी.पी.ची गोळी घेतली का, एवढंच विचारायचं असतं.

या वाक्याची गोष्ट सांगते. ती घडली इंदूरच्या आकाशात, चार जणांच्या छोट्या विमानात. तिच्यात विमानापेक्षा जास्त काम केलं ते डॅशबोर्डमधल्या दोन बटणांच्या एका डबीने. तिचं नाव इंटरकॉम.

आधी बाबांच्या कानांविषयी. आमचे आजोबा खानदेशातून इंदूरला आले ते मिलमध्ये नोकरी मिळाली म्हणून. तेव्हाचं इंदूर म्हणजे मिलचं गाव. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी अशी नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली तर तो बरोबर त्या भागात नेऊन सोडतो. अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांच्या झाक्या निघतात आणि सगळं शहर रात्रभर रस्त्यावर असतं, ती परंपराही त्याच दिवसांची. आजोबांच्या मागोमाग बाबाही विशीत मिलमध्ये लागले, लूम खात्यात फिटर म्हणून. शेकडो माग एकाच छताखाली, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटतोय. अशा खात्यातला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आज तज्ज्ञ सांगतात की ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास काम असेल तर कानाला संरक्षण हवं. बाबा म्हणतात, "आम्ही कापसाचा बोळा घालायचो, तोही फोरमन दिसला की काढायचो."

अशा आवाजाने कान एकदम जात नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ, त, क हे वर्ण त्याच पट्ट्यात येतात. स्वर मात्र खालच्या पट्ट्यात असतात, ते ऐकू येत राहतात. म्हणून कोणीतरी बोलतंय हे बाबांना कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. त्यांच्या लेखी 'सात' आणि 'हात' एकच. आपण मोठ्याने ओरडलो की स्वर आणखी मोठे होतात. हरवलेला 'स' काही परत येत नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मिल बंद पडली. मी तेव्हा बालवाडीतही जात नव्हते. नंतर बाबांनी मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम केलं, मला बी.ई. केलं, ताईचं लग्न केलं. कान मात्र मिलमध्येच राहिले. पाच वर्षांपूर्वी मी हट्टाने त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलं. ते घालून दोन दिवस बसले आणि तिसऱ्या दिवशी ते ड्रॉवरमध्ये गेलं. म्हणाले, "कुकरची शिट्टी, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न सगळं कानात घुसतं. तुमचं बोलणं तेवढं त्यात सापडत नाही."

मग आमच्या घराने बहुतेक घरं काढतात तोच मार्ग काढला. ओरडायचं, आणि कमीत कमी बोलायचं. जेवण झालं? गोळी घेतली? बिल भरलं? एवढ्यावर भागायला लागलं. मी चार वर्षं पुण्यात नोकरीला होते, तेव्हा फोनवर तर "बरे आहात ना?" "हो, तू बरी आहेस ना?" याच्या पुढे गाडी जायचीच नाही. २०२० मध्ये लॅपटॉप घेऊन मी इंदूरला परत आले, तरी संभाषण तेवढंच राहिलं.

आता विमानाकडे वळते. तुमच्यापैकी जे इंदूरला येऊन गेलेत त्यांनी आमचा विमानतळ पाहिलाच असेल, देवी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाचा. त्याच्या जवळच बिजासन मातेची टेकडी आहे. नवरात्रात तिथे अख्खं शहर लोटतं. या जागेचा इतिहास मला आवडतो. १९३५ साली होळकर संस्थानाला धावपट्टी हवी होती, तेव्हा टाटांच्या हवाई कंपनीतले नेव्हिल व्हिन्सेंट यांचा सल्ला घेऊन बिजासनची ही जागा निवडली गेली. तीन वर्षं आधी, १९३२ मध्ये जे.आर.डी. टाटांनी कराची–मुंबई टपालाचं विमान उडवलं, त्या उपक्रमातले हे त्यांचे भागीदार. जुलै १९४८ मध्ये इथून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईला विमानसेवा सुरू झाली.

मोठ्या विमानांच्या बाजूलाच इथे शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानंही वर्षानुवर्षं उडतात. लहानपणी बिजासनला गेलं की दर्शनापेक्षा माझं लक्ष तिकडेच. वर्क फ्रॉम होममध्ये प्रवासाचे दोन तास वाचले, थोडे पैसे साठले, आणि तिसाव्या वर्षानंतर मी एकदाची नाव नोंदवून आले. व्यावसायिक वैमानिक व्हायचं नव्हतं. हौस म्हणून खासगी लायसन्स, पीपीएल. त्याला किमान चाळीस तासांचं उड्डाण लागतं. शनिवार-रविवार, पाऊस, धुकं, ऑफिसचे रिलीज असं सगळं सांभाळत मला जवळजवळ तीन वर्षं लागली.

पहिल्या दिवशी मला सगळ्यात जास्त धक्का कशाने बसला असेल तर आवाजाने. सिनेमात छोट्या विमानातली माणसं छान गप्पा मारताना दिसतात. खऱ्या सेसनामध्ये इंजिन तुमच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर असतं आणि मधे एक पातळ पत्रा. हेडसेट काढला तर शेजारचा माणूस फक्त ओठ हलवताना दिसतो. मी पहिल्यांदा कानावरचा एक कप बाजूला करून पाहिला आणि मला एकदम बाबांची मिल आठवली. ते सांगायचे तसंच होतं हे. आवाज ऐकू येत नव्हता, अंगावर आदळत होता.

या गोंगाटात दोन माणसांनी बोलायचं कसं, हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. पहिल्या महायुद्धात शिकाऊ वैमानिक एका खोबणीत आणि शिक्षक दुसऱ्या खोबणीत बसायचा, डोक्यावर छप्पर नाही. शिक्षक हात हलवायचा, खांद्यावर थापा मारायचा, नाहीतर इंजिन कमी करून ओरडायचा. १९१७ मध्ये इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने विमान शिकवण्याची पद्धतच बदलून टाकली. त्याच्या शाळेत एक साधी रबरी नळी वापरात आली. एका टोकाला शिक्षकाचं तोंड, दुसऱ्या टोकाला विद्यार्थ्याच्या टोपीतले कान. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची बहीण म्हणा. तिला गॉस्पोर्ट ट्यूब हेच नाव पडलं. त्या पहिल्या नळीतून बोलणं एकाच दिशेने जायचं. शिक्षक बोलणार, विद्यार्थी ऐकणार, उलट उत्तराची सोयच नाही! पुढे टायगर मॉथसारख्या विमानांतही बोलायला नळीच असायची, आणि दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडचे अनेक वैमानिक त्याच टायगर मॉथवर शिकले.

स्वातंत्र्यानंतर भारताने स्वतःचं शिकाऊ विमान बनवलं, एचटी-२. ते १९५१ मध्ये उडालं आणि त्याचे रचनाकार होते आपले डॉ. विष्णु माधव घाटगे. जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेला मराठी माणूस. त्या विमानातही विद्यार्थी आणि शिक्षक एकामागे एक बसायचे. चेहरा दिसत नसलेल्या माणसाचं बोलणं नीट कळणं किती महत्त्वाचं असतं, हे मागच्या सीटवर माणूस बसवल्याशिवाय लक्षात येत नाही. मला ते बाबांमुळे कळलं, पण त्याकडे येते.

आजचा इंटरकॉम वापरायला सोपा आहे, पण त्याचे काही नियम आहेत. प्रत्येकाच्या हेडसेटला दोन पिना असतात, एक कानाची, एक माइकची. माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा, मधे फार तर एका बोटाची जागा. नवीन माणूस हमखास तो हनुवटीखाली ढकलतो आणि मग ओरडतो. माइक अशा प्रकारे बनवलेला असतो की अगदी जवळचा आवाज तो घेतो आणि दुरून सगळीकडून येणारा गोंगाट बराचसा टाकून देतो. म्हणजे त्याला मोठा आवाज नको असतो, जवळचा आवाज हवा असतो.

दुसरं बटण स्क्वेल्चचं. हे माझ्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल, कारण तो एक साधा 'इफ' आहे. माइकवर येणारा आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच दार उघडायचं, नाहीतर बंद. इंजिन चालू झालं की बटण हळूहळू फिरवायचं. कानातली घरघर ज्या जागी थांबेल तिथे सोडायचं. कमी ठेवलं तर इंजिन सारखं कानात येत राहतं, जास्त ठेवलं तर बोलण्याची सुरुवात गिळली जाते आणि 'नमस्कार'चा नुसता 'स्कार' ऐकू येतो.

तिसरी गोष्ट म्हणजे साइडटोन. इंटरकॉममध्ये तुमचा स्वतःचा आवाजही तुमच्या कानात येतो. याचं महत्त्व मला नंतर वाचताना कळलं. एटिएन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये दाखवून दिलं होतं की आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याला सांगावं लागत नाही. उलट, स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू आला की तो आपोआप खाली येतो. लग्नाच्या हॉलमध्ये डीजे थांबल्यावर सगळे एकदम हळू बोलायला लागतात, ते हेच.

आणि चौथी, सगळ्यात धोक्याची गोष्ट. तोच माइक रेडिओलाही जोडलेला असतो. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की तुमचं बोलणं विमानातच न राहता टॉवरला आणि त्या फ्रिक्वेन्सीवरच्या सगळ्या विमानांना ऐकू जातं. माझ्या आठव्या की नवव्या उड्डाणात माझा अंगठा नकळत त्यावर होता आणि मी कॅप्टनसाहेबांना सांगत होते, "सर, आज पोहे भी नहीं खाए, पेट बोल रहा है." दोन सेकंद शांतता. मग कानात गंभीर आवाज आला, "स्टेशन कॉलिंग इंदूर टॉवर, से अगेन." कॅप्टनसाहेबांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता टॉवरला योग्य ते उत्तर दिलं आणि मग इंटरकॉमवर म्हणाले, "अब टॉवर को भी पोहे खिलाने पड़ेंगे." ऑफिसच्या कॉलवर मी म्यूट तपासल्याशिवाय तोंड उघडत नाही, ते त्या दिवसापासून.

लायसन्स हातात आलं तेव्हा पहिला प्रवासी कोण, हे ठरलेलंच होतं. आईला उंचीची भीती. तिने बिजासन मातेला नारळ वाढवून आपलं काम केलं. बाबा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सहालाच तयार. मार्चचा पहिला आठवडा होता. सगळ्या परवानग्या घेतल्या, डावीकडे मी, उजवीकडे कॅप्टनसाहेब, आणि माझ्या बरोबर मागे बाबा.

हेडसेट चढवताना दोन गोष्टी शिकले. कानाचं मशीन हेडसेटच्या आत ठेवलं तर ते शिट्टी मारायला लागतं, म्हणून ते काढून खिशात ठेवावं लागतं. बाबांनी त्या दिवशी माझ्या आग्रहाने ते घातलं होतं, आनंदाने काढलं. दुसरं म्हणजे चष्मा. बाबांच्या जाड काड्यांमुळे कानाचा कप नीट बसेना, फट राहत होती आणि त्या फटीतून इंजिनच आत येणार होतं. मग काड्या जरा वर सरकवल्या, कप दाबून बसवला, माइक ओठांपर्यंत आणला. त्यांच्या हेडसेटवर आवाजाचं वेगळं चाक होतं. ते मी पूर्ण वाढवून ठेवलं.

त्यांना नियम सांगितला. उडताना आणि उतरताना कोणी बोलायचं नाही. मी हात वर केला की गप्प. बाबांनी मान हलवली आणि हाताने काहीतरी खूण केली. ती मी ओळखली. लूम खात्यातली 'समजलं' अशी खूण होती, दोन बोटं कपाळाला. लहानपणी आम्ही बहिणी त्या खुणांचा खेळ खेळायचो. मूठ ओठांशी नेली की चहा, मनगटावर टिचकी म्हणजे पाळी संपली.

इंजिन सुरू झालं. मी स्क्वेल्च लावला आणि सवयीने, अगदी घरच्यासारखी ओरडले, "बाबा! ऐकू येतंय का?"

मागून उत्तर आलं, "अगं, ओरडतेस काय? ऐकू येतंय की मला."

शेजारी कॅप्टनसाहेब कानाचा कप चोळत होते. त्यांनाही ते ऐकू गेलंच होतं! पण मी थबकले ते दुसऱ्याच कारणाने. बाबांचा आवाज हळू होता. घरी ते नेहमी चढ्या आवाजात बोलतात, कारण त्यांना स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही. इथे तो त्यांच्या कानात स्वच्छ येत होता आणि आपोआप खाली आला होता. माझ्या शाळेच्या दिवसांत ते रात्री गणितं समजावून सांगायचे, तेव्हाचा हा आवाज. मी तो विसरून गेले होते.

धावपट्टीवरून उठलो आणि पश्चिमेकडे वळलो. इंदूर मुळात समुद्रसपाटीपासून साडेअठराशे फुटांवर आहे. आम्ही साडेतीन हजारावर स्थिर झालो, म्हणजे जमिनीपासून जेमतेम सोळा-सतराशे फूट. माळव्याची जमीन तिथून हातात घेण्यासारखी दिसते. काळ्या मातीचे तुकडे, कापणीला आलेला पिवळा गहू, हातोदच्या बाजूला गंभीर नदीवरचं यशवंत सागर चकाकणारं. मी हात खाली केला. आता बोलायला हरकत नव्हती.

आणि बाबा बोलायला लागले. यशवंत सागरला ते मिलमधल्या मित्रांबरोबर सुटीच्या दिवशी सायकलने यायचे, पाठीमागे कॅरिअरला दाल-बाफल्याचं सामान बांधून. एकदा येताना चाक पंक्चर झालं तर सगळे हातोदपर्यंत चालत आले, कारण एकाला सोडून जायचं नाही असं ठरलेलं. मी हे कधीच ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, इंजिन किती हॉर्सपॉवरचं, तेल किती पितं, पंखा काय फेऱ्यांनी फिरतो. मिलचा फिटर होता तो! कॅप्टनसाहेब हिंदीत उत्तरं देत होते आणि बाबा एकही शब्द दुसऱ्यांदा विचारत नव्हते. मी मधे काही बोलायला गेले की कॅप्टनसाहेब थांबायचे. इंटरकॉमवर दोघं एकदम बोलले तर कोणाचंच काही कळत नाही, त्यामुळे तिथे आपोआप एकेकाने बोलण्याची शिस्त लागते.

परत वळताना बाबा म्हणाले, "एक सांगू? इथे तू चिडलेली वाटत नाहीस."

"मी कधी चिडते बाबा?"

"घरी. फोनवर पण. तुझा आवाज नेहमी चिडल्यासारखाच येतो. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा वैताग आलाय हिला. म्हणून मी आपला जास्त बोलत नाही. सानंदच्या नाटकालाही म्हणूनच येत नाही आता. सगळे हसले की मी हसतो, मग तुझी आई माझ्याकडे बघते."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी कानात टॉवर आला. मुंबईहून येणारं विमान आमच्या पुढे उतरणार होतं, आमचा नंबर दुसरा, डाउनविंड लांबवा. विमानात आधी टॉवरला उत्तर द्यायचं असतं. मी बटण दाबलं, सूचना परत म्हणून दाखवली, आणि मग हात वर केला. बाबा गप्प झाले. मीही. जे बोलायचं होतं ते घशातच राहिलं.

वारा पश्चिमेचा होता, म्हणजे शहराच्या बाजूने येऊन उतरायचं. सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांच्या काचा मागे टाकत आम्ही पूर्वेकडे बरेच आत गेलो आणि मग धावपट्टीच्या रेषेत वळलो. त्या वळणानंतर डावीकडे काय येतं हे मला माहीत होतं, पण तेव्हा डोक्यात नव्हतं. डावीकडे मिलचा पट्टा येतो. जुन्या मिलच्या मोकळ्या जागा, झाडोरा, भिंतींचे तुकडे, आणि भोवती दाटून आलेलं शहर. बाबांची खिडकी डावीकडेच होती.

ते काही बोलले नाहीत. नियम पाळला. फक्त इंटरकॉमवर एकदा दार उघडल्याचा बारीक खट्ट आवाज आला आणि एक लांब श्वास ऐकू आला. माइक ओठांना टेकलेला असला की श्वाससुद्धा ऐकू येतो. मी वळून पाहू शकत नव्हते. समोर धावपट्टी होती, वेग सांभाळायचा होता. पण मागे बाबांचं काय चाललंय हे मला गेल्या कित्येक वर्षांत एवढं स्पष्ट कळलं नव्हतं.

उतरलो, धावपट्टीवरून बाहेर पडलो, टॉवरशी शेवटचं बोलणं झालं. मी हात खाली केला आणि इंजिन बंद करण्याआधी, इंटरकॉम चालू असतानाच म्हटलं, "बाबा, मी चिडलेली नसते. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ओरडते."

"आता कळलं ते," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "आमचं खातं कसलं लहान दिसतं गं वरून. आत असताना वाटायचं, याला अंतच नाही."

कॅप्टनसाहेबांनी इंजिन बंद करायला थोडा जास्त वेळ घेतला. त्यांना मराठी येत नाही असं मी समजत होते. इंदूरमध्ये असं समजायचं नसतं.

घरी येताना छप्पन दुकानवर पोहे-जिलेबी खाल्ली. तिथे तुफान गर्दी आणि गोंगाट. मी पुन्हा ओरडायला जाणार होते, पण थांबले. खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली, समोर चेहरा ठेवला आणि साध्या आवाजात, जरा सावकाश विचारलं, "अजून जिलेबी घ्यायची?" त्यांनी ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आईला सांगणार नसशील तर."

त्या दिवसानंतर आमच्या घरात काही चमत्कार झालेला नाही. बाबांचे कान तेच आहेत. पण इंटरकॉमचे नियम आम्ही घरात आणले. बोलायचं असेल तर आधी टीव्ही बंद, तो आमचा स्क्वेल्च. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, जवळ जाऊन बोलायचं. एका वेळी एकानेच बोलायचं. बाबा "काय?" म्हणाले तर तेच वाक्य वाढीव आवाजात न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि "जाऊ दे, काही नाही" असं कधीही म्हणायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. माझ्या तोंडून ते किती वेळा निघतं हे मोजायला लागल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

ड्रॉवरमधलं मशीनही बाहेर आलं. ऑडिओलॉजिस्टकडे नेऊन ते पुन्हा नीट लावून घेतलं. तिथे कळलं की या मशीनला जोडणारा एक छोटा माइक मिळतो. तो बोलणाऱ्याने कॉलरला लावायचा, आवाज थेट मशीनमध्ये जातो. मला हसूच आलं. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ माइक, ऐकणाऱ्याच्या कानात आवाज आणि मधला गोंगाट वगळलेला. तोच तर इंटरकॉम, सोळा-सतराशे फूट खाली! आता जेवताना तो माइक आमच्या टेबलावर हातोहात फिरतो. ज्याच्याकडे माइक त्याने बोलायचं. आईने पहिल्याच दिवशी तो अर्धा तास सोडला नाही.

मागच्या महिन्यात बाबा नाटकालाही आले. पुढच्या रांगेत बसवलं होतं. सगळे हसले तेव्हा तेही हसले, आणि आईने त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण तीही हसत होती.

आपल्या मंडळातल्या बहुतेक घरांत माझ्या वयाची मुलं गावाबाहेर, देशाबाहेर आहेत आणि आई-बाबांशी बोलणं फोनवरच होतं. फोन लागला आणि पलीकडून "काय?" आलं की आवाज चढतोच, माझाही चढतो. पुढच्या वेळी चढला तर एकदा थांबून बघा. पलीकडच्या माणसाला तुमचे शब्द पोहोचलेत, की नुसता चढलेला आवाज?